जाळ्यात सापडलेल्या संरक्षित जिवाचे मोल मच्छीमाराच्या हिशोबात कुठे बसते?

चंदेरी_वाळू यांचा प्रश्न:

नमस्कार. मी कोकण किनाऱ्यावरील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी होडी आहे, किंवा घरातले कोणीतरी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाते. गेल्या आठवड्यात संकटग्रस्त प्रजातींचा भाग शिकवून झाल्यावर आठवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "बाई, कासव सोडवायला माझ्या बाबांनी जाळे कापले. जाळे आमचे होते. मग कासव कोणाचे?" वर्ग शांत झाला, आणि मलाही चटकन काही सुचले नाही.

नंतर मी त्याच्या घरी जाऊन आले. कासव ऑलिव्ह रिडले जातीचे होते आणि त्याच्या पुढच्या डाव्या वल्ह्यासारख्या पायाला नायलॉनचा धागा तीनदा गुंडाळला जाऊन मांसात रुतला होता. अंधारात, हलत्या होडीत, एकाने कासवाची पाठ दाबून धरली आणि मुलाच्या वडिलांनी धागा कापत नेला. पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) जाळे निकामी झाले. नुकसानभरपाईची योजना आहे हे त्यांना ठाऊक होते, परंतु फोन भिजू नये म्हणून बांधून ठेवलेला होता आणि कासव तडफडत असताना तो बाहेर काढण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. फोटो नाही म्हणून अर्जही नाही. मी गेले तेव्हा मुलाची आई पडवीत बसून तेच जाळे सांधत होती.

त्या आधी मी पलाऊ या बेटांवरील एका अभ्यासाविषयी वाचले होते. तिथे पर्यटकांना दिसणारी एक प्रवाळशार्क तिच्या आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देते, आणि तीच मारून विकली तर जेमतेम १०८ डॉलर येतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा आकडा वर्गात सांगण्यासाठी मी टिपूनही ठेवला होता. त्या पडवीत बसून मात्र तो उच्चारण्याचे धाडस मला झाले नाही.

म्हणून इथे विचारते आहे. समुद्रावर जगणाऱ्या घराला संकटग्रस्त जिवाचे मोल नेमके कशात दिसते, किंवा दिसावे? त्या मुलाला फसवे वाटणार नाही असे उत्तर मला हवे आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


जुना_तांडेल यांचे उत्तर:

बाई, मी चाळीस वर्षे समुद्रावर काढली, त्यातली बावीस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून. त्या मुलाला निसर्गाचे रक्षण करावे असे पुन्हा सांगू नका. त्याच्या बापाने ते मध्यरात्री, स्वतःच्या जाळ्यावर सुरी चालवून केलेले आहे. त्याला हिशोब विचारायचा आहे, तेव्हा आधी हिशोबच मांडतो.

होडीचा कारभार वाट्यांवर चालतो. फेरीचे डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करून जे उरते त्याचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा आणि खलाशांचा. वाटे किती आणि कसे ते बंदराबंदरावर वेगळे असते, पण रीत हीच. जाळे कापले गेले की त्याची झळ आधी मालकाला बसते हे खरे. परंतु जाळे सांधून होईपर्यंत होडी उभी राहिली तर खलाशाचा वाटाही बुडतो, आणि हंगामाच्या ऐन दिवसांत दोन दिवस उभी असलेली होडी म्हणजे काय, हे त्याच्या घरातली बाईच सांगू शकेल. म्हणजे सुरी एकाच्या हातात असते आणि नुकसान पाच-सहा घरांत वाटले जाते. कासव जिवंत सुटल्याचा लाभ मात्र साऱ्या किनाऱ्याचा, ज्यांनी कधी जाळे पाहिलेही नाही त्यांचासुद्धा. मुलाने विचारले ते याविषयी आहे, असे मला वाटते.

आता कासवाविषयी. कासव हवेत श्वास घेते. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यात, ते वर येऊन तोंड काढू शकले तर वाचते. ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागे ओढत नेण्याच्या, जाळ्यात तास-दोन तास पाण्याखाली ओढले गेले तर गुदमरते. वर काढल्यावर ते मेल्यासारखे पडलेले असते, डोळ्याला बोट लावले तरी पापणी हलत नाही. आमच्या तरुणपणी अशी कासवे आम्ही मेली म्हणून सरळ पाण्यात ढकलून देत असू. पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला समजले की त्यातली कित्येक बेशुद्ध असतात आणि त्या अवस्थेत पाण्यात टाकली की मग खरोखर बुडून मरतात. तेव्हापासून आम्ही ते पोटावर ठेवायचो, मागची बाजू दोराच्या वेटोळ्यावर वीतभर उंच करायचो म्हणजे फुप्फुसातले पाणी उतरते, पाठीवर ओले गोणपाट टाकायचो, नाक मोकळे ठेवायचो आणि सावली धरायचो. एकदा पहाटे काढलेली मादी दुपारपर्यंत तशीच पडून होती. खलाशी म्हणू लागले, टाका आता. तेवढ्यात तिच्या नाकपुड्यांतून पाणी आले, तिने डोके उचलले आणि असा लांब श्वास घेतला की होडीवरचा प्रत्येक जण हातातले काम सोडून उभा राहिला. त्या आधीच्या वर्षांत आम्ही किती जिवंत कासवे मेली म्हणून टाकली असतील, हे आठवले की आजही जिवाला लागते.

आमच्याकडे काही घरांत जाळ्यात आलेल्या कासवाला हळदकुंकू वाहून सोडण्याची रीत आहे, कारण तो कूर्मावतार मानतात. हे चांगलेच आहे. पण कासवाला हात जोडणारी तीच होडी लांज्याची (पाकटाच्या जातीचा मासा) किंवा करवत माशाची पिल्ले कधी सोडत नव्हती, कारण त्यांच्या नावाने कोणता अवतार नव्हता. श्रद्धेने एक जीव वाचला आणि शेजारचा गेला. आमच्या एका नातलगाच्या ओटीवर करवत माशाची हातभर करवत टांगलेली असे. माझ्या वडिलांनी तो मासा पुष्कळदा पाहिला होता, मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला, माझ्या मुलाने एकदाही नाही. त्याच्या दातेरी तोंडाला कोणतेही जाळे आधी अडकते, तेव्हा तो सुटणार तरी कसा? आता नातवाला तो कसा होता हे सांगायला घरात शब्द आहे, पण समुद्रात मासा नाही. हे नुकसान कोणत्या वाट्यात धरायचे ते मला अजून कळलेले नाही.


खाडीपल्याड यांचे उत्तर:

मी मत्स्यविज्ञान शिकलो असून काही वर्षे जाळ्यांच्या सुधारणेशी संबंधित कामात होतो. तांडेलकाकांनी लिहिलेला वाट्यांचा हिशोब पाठ्यपुस्तकांत सापडत नाही आणि म्हणूनच अनेक योजना किनाऱ्याला लागत नाहीत. त्यांच्या म्हणण्याला दोन-तीन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे या जिवांचा संथपणा. बोंबील किंवा कोळंबी वर्षभरात पिढी उभी करते आणि पापलेटही फार काळ घेत नाही, त्यामुळे एखादा हंगाम वाईट गेला तरी ती सावरू शकतात. ऑलिव्ह रिडलेची मादी वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे घेते. ती एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते खरी, पण त्यांतून बाहेर पडणाऱ्या हजार पिल्लांमागे एखादेच मोठे होऊन परत येते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लांजा, पाकट आणि मुशी यांच्या बहुतेक जाती तर मोजकी पिल्लेच देतात. म्हणून जाळ्यातली एक प्रौढ मादी म्हणजे कित्येक वर्षांची शिल्लक असते. त्या मुलाच्या वडिलांनी जे सोडले ते 'एक कासव' एवढेच नव्हते, हे त्याला सांगता येईल आणि ते अक्षरशः खरे आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जे जाळे कासव बुडवते तेच बहुधा त्या घराची पुढच्या वर्षाची मासळीही मारते. तळ खरवडत जाणारे बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, ट्रॉल कासवाला निवडून पकडत नाही. ते सगळेच उचलते, बोटभर पापलेट आणि दोन इंची सुरमईसुद्धा. सिंधुदुर्गात गेल्या दशकात राबवलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आसाचे जाळे लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीची हिऱ्याच्या आकाराची आस ओढ बसताच मिटते, चौकोनी आस उघडी राहते आणि लहान मासा निसटतो. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, त्यामागेही हीच चिंता आहे. मोठा, संथ जीव आधी नाहीसा होतो, कारण त्याला सावरायला वेळ लागतो. त्याच्या पाठोपाठ रोजच्या टोपलीतली मासळी रोडावते. कासवे आणि डॉल्फिन दिसेनासे होणे ही किनाऱ्याला समुद्राने आधी दिलेली सूचना आहे, असे मी मानतो. डॉल्फिन जाळी फाडतात आणि जाळ्यातला मासा पळवतात ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही, पण जिथे मासळीच उरलेली नाही तिथे डॉल्फिनही फिरकत नाहीत.

ट्रॉलसाठी एक साधा उपाय उपलब्ध आहे. कासवाला बाहेर काढणारी लोखंडी जाळी, जिला बंदरावर 'टेड' म्हणतात, ती ट्रॉलच्या गळ्यात तिरकी बसवतात. तिच्या गजांमधून कोळंबी मागे जाते आणि कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना साजेसा नमुना तयार केलेला आहे. थोडी मासळी झडपेतून निसटते म्हणून ती लावायला टाळाटाळ होते, आणि एका होडीपुरते पाहिले तर ती टाळाटाळ समजण्याजोगी आहे. पण २०१९ पासून अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे याच कारणासाठी थांबवले आहे. म्हणजे बुडालेल्या कासवाची किंमत आपण मोजतच आहोत, फक्त ती बंदरावरच्या पडलेल्या भावातून जात असल्यामुळे कासवाच्या नावावर लिहिली जात नाही.

तिसरी गोष्ट मेक्सिकोची. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला व्हाकिटा नावाचा जेमतेम दीड मीटर लांबीचा सागरी सस्तन प्राणी आहे, डॉल्फिनचा दूरचा भाऊबंद. १९९७ च्या गणनेत तो साडेपाचशेच्या पुढे होता. आज दहाच्या आसपासच उरला असावा असा अंदाज आहे. त्याला कोणीही मारायला जात नाही. तो टोटोआबा या माशासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये बुडतो, आणि टोटोआबा पकडतात तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, म्हणजे बोतासाठी, जे चीनमध्ये चढ्या भावाने जाते. टोटोआबा आपल्या घोळीच्याच कुळातला मासा आहे. घोळीच्या बोताला काय भाव येतो हे पालघरपासून रत्नागिरीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. २०२१ साली पालघरच्या एका बोटीची घोळ सव्वा कोटींहून अधिक रकमेला गेल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. मेक्सिकोत शासनाने शेवटी त्या भागात गिलनेटवरच बंदी घातली. व्हाकिटा तरीही वाचवता आलेला नाही, आणि नियमाने चालणारे लहान मच्छीमार आपल्या धंद्याला मुकले. जीव हातातून जाऊ लागल्यावर येणारा कायदा किती बोथट आणि किती महाग असतो, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे अजून वेळ आहे आणि कासव सुरीने सोडवता येते, हे मी त्या वर्गाला आवर्जून सांगेन.


वाळूतली_पावले यांचे उत्तर:

मी मंडणगड तालुक्यातील कासव महोत्सवाच्या काळात पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या घरांपैकी एका घरातली आहे. पर्यटनातून मिळणाऱ्या पैशाविषयी जे मी पाहिले ते लिहिते, कारण याबद्दल बाहेर फार गुलाबी चित्र रंगवले जाते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर काम सुरू केले, तेव्हा घरट्यांतली अंडी लोक काढून नेत असत. संस्थेच्या भाऊ काटदरे यांनी आणि गावातल्या तरुणांनी अंडी उचलून कुंपणाआड त्याच खोलीचे खड्डे करून ठेवायला सुरुवात केली. २००६ पासून महोत्सव सुरू झाला. पिल्ले साधारण पन्नास दिवसांनी बाहेर येतात. टोपली उचलली की मुठीएवढी करडी पिल्ले वाळूवरून पाण्याकडे सरकू लागतात, आणि शहरातून आलेली माणसे दोरीच्या पलीकडे श्वास रोखून उभी असतात. त्या दिवसांत आमच्या ओटीवर पंगती बसतात. घरातल्या बायकांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचा म्हणावा असा पैसा आला, हे मी अभिमानाने सांगते.

पण हा काळ फेब्रुवारी अखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंतचा, आणि त्यातही पिल्ले कधी येतील याची खात्री नाही. शिवाय ज्याचे घर नीट बांधलेले आहे, ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त आहेत, त्याच्याकडे पाहुणा उतरतो. समुद्रावर जाऊन जाळे कापणारा खलाशी बहुतेक वेळा दुसऱ्याच गावचा असतो आणि त्याच्या घरी कोणी उतरत नाही. तेव्हा बाई, तुम्ही तो डॉलरचा आकडा त्या पडवीत सांगितला नाहीत हे योग्यच झाले. तो खोटा नसेल, पण तो त्या घराचा नाही. आमच्या गावात यावर अनेकदा बोलणे झाले की महोत्सवाच्या उत्पन्नातून काही भाग किनाऱ्यावरच्या होड्यांसाठी बाजूला काढावा. अजून ते जमलेले नाही, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि आपली वेगळी असे आम्ही धरून चाललो होतो. आणि २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. कासव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मला तरी त्या मार्गात दिसते: वाटेत जितक्यांची जाळी लागली आणि जितक्यांनी तिला जाऊ दिले, त्या सगळ्यांचे.


सोमनाथ_बंदर यांचे उत्तर:

मूळचा मराठी, पण नोकरीनिमित्त अनेक वर्षे वेरावळला राहिलो. व्हेल शार्कच्या बाबतीत तिथे जे घडले ते या चर्चेला नेमके लागू पडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नव्वदच्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. आधी तिच्या यकृताच्या तेलासाठी, जे लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडत, आणि पुढे मांसाच्या निर्यातीसाठी. लोखंडी आकडा मारून त्याला रिकामी पिंपे बांधत, म्हणजे मासा खोल जाऊ शकत नसे आणि दमून वर येई. म्हणून तिथे तिचे नावच 'बॅरल' पडले होते. २००१ साली तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण मच्छीमाराचे मन त्याने बदलले नाही. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेची भीती असलेला माणूस जाळ्यातला मासा सोडतोच असे नाही, तो कोणाला कळणार नाही अशी व्यवस्थाही करू शकतो.

बदल झाला तो २००४ नंतर. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचे वन खाते यांनी मोहीम सुरू केली आणि कथाकार मोरारी बापूंनी किनाऱ्यावर सांगितले की ही मादी बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. लेकीला मारून विकणारे घर किनाऱ्यावर कोणाला व्हायचे होते? तांडेलकाकांनी अवताराचे जे सांगितले तेच इथे दिसते, फक्त इथे नाते जाणीवपूर्वक एका अशा माशाशी जोडले गेले ज्याला आधी कोणीच नव्हते. हे नुसते गोड बोलणे होते असे कोणी म्हणू नये. मी स्वतः पाहिले आहे की नाव बदलले की माणसाचा हातही बदलतो.

मात्र नात्याबरोबर पैशाचीही सोय केली गेली, आणि माझ्या मते तिचा तपशीलच सर्वांत शिकण्यासारखा आहे. कापलेल्या जाळ्यासाठी कमाल २५,००० रुपये भरपाई ठरली. सुरुवातीला अट अशी होती की वन खात्याच्या माणसांनी समुद्रात येऊन पाहायचे आणि मग सुटका व्हायची. तोपर्यंत तासन्‌तास मासा जाळ्यात आणि होडी त्याच्याभोवती अडकलेली, दोघांचेही हाल. पुढे मच्छीमारांच्याच हाती पाण्यात चालणारे कॅमेरे दिले गेले: कापा, फोटो घ्या, बंदरावर आल्यावर दाखवा. सुटकेचा वेळ कितीतरी घटला. पुढच्या वर्षांत शेकडो व्हेल शार्क जिवंत सोडल्या गेल्या. ज्या माणसावर काल पाळत ठेवली जात होती त्याच्याच शब्दावर भरपाई मिळू लागली, आणि माझ्या ओळखीचा एक तांडेल त्या कॅमेऱ्याला देवघरात ठेवत असे. त्याला पैसे हवेच होते. पण आपले म्हणणे खरे धरले गेले, हे तो पैशांच्या आधी सांगायचा.

महाराष्ट्रात अशीच योजना वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्याकडून २०१८ च्या डिसेंबरपासून सुरू आहे आणि कमाल रक्कम तीच आहे. तिच्यात कासवे, व्हेल शार्क, डॉल्फिन, मोठा लांजा हे सर्व येतात. बाई, त्या मुलाच्या वडिलांचा फोन बांधलेला होता यात त्यांची चूक नाही. पण बंदरावर प्रत्येक होडीत एक जलरोधक पाऊच आणि 'फोटो कोणी काढायचा' हे आधीच ठरलेले असेल, तर पुढच्या वेळी असे होणार नाही. हे काम तुमच्या शाळेतली मुले करू शकतील.


पूर्वेचा_वारा यांचे उत्तर:

थोडे वेगळे विचारतो. आमच्या भागात देवमाशाच्या उलटीला कोट्यवधीचा भाव असल्याच्या बातम्या वाचून तरुण मुले किनारा धुंडाळत असतात. तेही संकटग्रस्त जिवाचे मोलच झाले ना?


खाडीपल्याड यांचे उत्तर:

ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारे अंबरग्रीस. आपल्या कायद्यानुसार ते बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि त्यापायी कोकणातील अनेक जण अटकेत गेले आहेत. बातमीतला भाव हा पकडलेल्या मालाची कागदावर मांडलेली किंमत असते; ज्याच्या हाती ते सापडते त्या पोराच्या वाट्याला दलालाचे आमिष आणि खटला एवढेच येते. किनाऱ्यावर असा गोळा दिसला तर हात न लावता वन खात्याला कळवावे. बाई, वर्गात हा विषय जरूर घ्या, कारण या मुलांना त्यातून खरोखर धोका आहे.


चंदेरी_वाळू यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. काल वर्गात मी तांडेलकाकांचा वाट्यांचा हिशोब फळ्यावर मांडला. मुलांनी तो माझ्यापेक्षा भराभर सोडवला आणि दोघांनी माझे बर्फाचे आकडेही दुरुस्त केले. मग मी शेजारी दुसरा रकाना काढला आणि कासव जिवंत सुटल्यावर कोणाकोणाला काय मिळते ते विचारले. तो रकाना लांबत गेला, पण ज्याने जाळे कापले त्याच्या नावापुढे लिहायला बराच वेळ कोणाला काही सापडेना. शेवटी प्रश्न विचारणारा मुलगाच म्हणाला, "भरपाई लिहा, पण कंसात लिहा, कारण मिळाली नाही." मी तसेच लिहिले. खाडीपल्याड यांनी सांगितलेली वर्षांची शिल्लकही लिहिली, आणि ओडिशाहून गुहागरला आलेल्या मादीचा मार्ग नकाशावर काढला. तो मार्ग मोजायला मुलांनी दोरा आणला.

सोमनाथ_बंदर यांची सूचना मुलांनी लगेच उचलली आहे. बंदरावरच्या होड्यांची यादी करायची, प्रत्येकीसाठी पाऊच आणि अर्जाला काय लागते ते एका कागदावर मराठीत लिहून द्यायचे, असे ठरले. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांशी मी बोलले; त्यांनी नारळी पौर्णिमेआधी, होड्या अजून वर ओढलेल्या असतानाच, हे करा असे सुचवले.

तांडेलकाका, बेशुद्ध कासव कसे ठेवायचे त्याचे चित्र मुलांना त्याच कागदावर काढायचे आहे. मागची बाजू किती उंच करायची आणि किती वेळ थांबायचे, हे नेमके सांगाल का?


जुना_तांडेल यांचे उत्तर:

बाई, मागची बाजू सहा इंच तरी उंच. कासव मोठे असेल तर थोडी अधिक. उलटे, पाठीवर कधीही ठेवू नये आणि त्याच्यावर पाण्याचा फवारा नाकात जाईल असा मारू नये. किमान चार तास थांबावे. आम्हाला चोवीस तासांपर्यंत वाट पाहायला सांगितले होते. मधूनमधून डोळ्याजवळ किंवा शेपटीला हलकेच बोट लावून पाहावे, हालले म्हणजे जीव आहे. सोडताना इंजिन न्यूट्रलला घ्यावे, जाळे पाण्यात नसावे, आणि कासव काठावरून फेकू नये, दोघांनी धरून डोके पुढे करून पाण्यात सोडावे. चित्रात दोन माणसे दाखवा, एकट्याने ते पेलत नाही.

आणि त्या मुलाच्या वडिलांना माझा निरोप द्या. पंधरा-वीस वाव जाळे सांधायला त्या माऊलीला एकटीला फार दिवस लागतील. माझे हात अजून चालतात आणि घरी बसून वेळ जात नाही. जाळे आणि धागा पाठवून दिलात तर अर्धे मी सांधून देईन; आस किती बोटांची आहे तेवढे आधी कळवा.